पूरबैठकीत प्रश्नांना वेळ ठेवा

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरात आमच्या भागात पूरनियोजनाची बैठक झाली. माइकवरून सूचना वाचल्या, निवारा केंद्रांची यादी सांगितली, चहा झाला. एक बाई प्रश्न विचारायला उठल्या, तर ‘वेळेअभावी नंतर बोलू’ म्हणून त्यांना बसवलं.

खरी बैठक रात्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर भरली. समोर पिळलेल्या दुधाचा फेसाळ पेला हातात घेऊन एकजण म्हणाला, ‘२००५ ला आमच्या उंबऱ्याला पाणी शिवलं न्हाई.’ दुसऱ्यानं लगेच धरलं, ‘आणि २०१९ ला? त्याच हिशेबावर बसलास आणि माळ्यावर चढलास की!’ हशा झाला. मग तिसऱ्यानं विचारलं, पाणी नदीकडनं आलं का जयंती नाल्यातनं उलटं फिरलं? त्यावर तासभर जुंपली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथं पोरांनाही पाठ आहे. पण किती फुटांना कुठल्या बोळात पाणी शिरतं, ते या भांडणातनंच कळलं.

जुन्या पुराच्या गोष्टी सांगायला आम्हा कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. त्या कुणी उलटून तपासत नाही, ही अडचण आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा २००५ च्या खुणेवर विसंबून घरात थांबलेले कितीतरी लोक बोटीतनं काढावे लागले. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीत समोरच्यानं घातलेलं कोडं आधी सोडवायचं, मग आपला सवाल टाकायचा, अशी रीत आहे. पूरबैठकीत अधिकाऱ्यांनीही एवढं पाळावं.

कट्ट्यालाच सगळं श्रेय देऊ नये म्हणा. तिथं बायका नसतात, आणि पुरात धान्याचे डबे, म्हातारी माणसं नि पोरं कुणी कशी हलवली, हे त्यांनाच माहीत असतं.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या बैठका मे महिन्यातच, तालमींच्या हॉलमध्ये आणि बायकांना सवड असेल अशा वेळी घ्याव्यात. पहिला अर्धा तास रहिवाशांनी बोलावं, एकमेकांचं खोडावं, अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथं उत्तर द्यावं. जिथं एकमत होणार नाही त्या गल्ल्यांवर नकाशात खूण करून पाऊस सुरू व्हायच्या आत जागेवर जाऊन पाहणी करावी.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर