मदरबोर्ड ‘कुठलाही’ घेऊ नकोस

ठाणे,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

नव्या कॉम्प्युटरची तुझी यादी मिळाली. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बत्तीस जीबी रॅम, काचेचं कॅबिनेट, आणि मदरबोर्डापुढे, म्हणजे हे सगळे भाग जोडतात त्या मुख्य बोर्डापुढे, लिहिलंयस, ‘स्वस्तातला कुठलाही’. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहायला बसलोय.

कॉलेजातलं माझं पहिलं मशीन आठवतं? सबमिशनच्या आठवड्यात मधेच बंद पडायचं. आपण रॅम काढून खोडरबरानं घासली, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, विंडोज तीनदा टाकली. शेवटी तू टॉर्च धरलास तेव्हा प्रोसेसरच्या कडेचे कपॅसिटर, ती छोटी नळकांडी, दिसले. सपाट असायला हवीत ती डोकी फुगलेली, दोघांवर तपकिरी खपली. आतल्या सदोष इलेक्ट्रोलाइट द्रवामुळे त्या काळात कितीतरी बोर्ड असेच गेले. आता बोर्डावर सॉलिड कपॅसिटर येतात, तो रोग जवळजवळ संपला. पण बोर्ड बिघडला की संशय बाकी सगळ्यांवर जातो आणि पैसे भलतीकडे खर्च होतात, हे तेव्हा कळलं ते कायमचं.

तुझ्यासाठी मी बी६५० चिपसेटचा (बोर्डावरचे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचा) बोर्ड म्हणेन. वरच्या एक्स६७० चे जादा पोर्ट तुला लागणार नाहीत, ते पैसे एसएसडीत घाल. मात्र बी६५० लिहिलेले सगळे बोर्ड सारखे नसतात. एसएमपीएसकडून येतात १२ व्होल्ट, प्रोसेसरला लागतो एक-सव्वा. तो उतरवून द्यायचं काम सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, कडेच्या व्हीआरएमचं, आणि तिथेच उष्णता होते. ७७०० फार तर ८८ वॅट खेचतो, त्याला व्हीआरएमच्या भारंभार फेज, म्हणजे भार वाटून घेणारे भाग, नकोत. पण तू लग्नाचे व्हिडिओ रात्रभर रेंडरला लावणार, तेही कराडच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत. तेव्हा व्हीआरएमवर चांगला भरीव हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) असलेलाच बोर्ड घे. व्हीआरएमच्या तापणाऱ्या चिपा, मॉसफेट, उघड्या दिसल्या तर दुकानदार कितीही कमी करू दे, परत ठेव.

एसएसडी बसवायचे एम.२ चे दोन स्लॉट हवेतच: एकावर विंडोज, दुसऱ्यावर चालू काम. बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटणही बघ. एएम४ या आधीच्या सॉकेटच्या वेळी २०१७ मध्ये घेतलेल्या कितीतरी बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसला. तुझ्या ७७०० च्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असं एएमडीनं सांगितलंय. उद्या नवा प्रोसेसर आणलास आणि जुन्या बायोसनं तो ओळखला नाही, तर या बटणानं नुसत्या पेन ड्राइव्हवरून काम होतं. मला तर रंगीत दिव्यांपेक्षा हे बटण लाख मोलाचं वाटतं.

रॅम १६ च्या दोन पट्ट्या घे, आठच्या चार नको. चार लावल्या की या डीडीआर५ रॅमचा वेग बराच खाली येतो. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहील. मशीन तेव्हा रॅम जुळवून घेत असतं, घाबरून बटण दाबू नकोस.

कंपनीच्या नावासाठी मी हट्ट धरणार नाही. कराडहून जवळ कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे ते आधी विचार, मग ठरव. बिलावर सीरियल नंबर लिहून घे.

शनिवारी मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणारच आहे, दोन-तीन बोर्ड हातात घेऊन फोटो पाठवतो. तू बोर्ड कराडलाच घेतलास तर एक कर: सॉकेटवरचं काळं प्लास्टिक मी येईपर्यंत काढू नकोस. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, १७१८, केसासारख्या. एक वाकली तरी वॉरंटीवाले सहसा हात वर करतात. पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीनं येतो, आपण दोघं मिळून बसवू. टॉर्च तूच धर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
अन्या