ती ब्रँच मला सापडली, ताई

ताई,

सप्रेम नमस्कार. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तुमच्या रिपोत, म्हणजे कोडच्या सामायिक कोठारात, वावरणारे ओळखतीलच.

ऑक्टोबर २०२०. कॉलेज बंद, मी कराडला घरी, आणि हॅक्टोबरफेस्टचं, म्हणजे खुल्या प्रकल्पांना हातभार लावायच्या उपक्रमाचं, वारं डोक्यात शिरलेलं. चार पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) टाका, टी-शर्ट मिळवा. मी तुमच्या मजकूर शोधणाऱ्या कोड-लायब्ररीचा रीडमी, म्हणजे ओळखपत्रक, उघडला आणि पहिल्या ओळीत ‘अमेझिंग’ हा शब्द घालून पीआर टाकला. त्या दिवसांत जगभरच्या मेंटेनरांकडे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडे, असला कचरा इतका येऊन पडला, की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिलाय, तिथलेच पीआर मोजायचे असं ठरलं. त्या ढिगात एक पिशवी माझीही होती.

तुम्ही ‘स्पॅम’चं लेबल लावून पीआर बंद केलात. रास्तच होतं. पण खाली मराठीत लिहिलंत, “लायब्ररीला विशेषण नकोय. आपल्याकडे ‘दऱ्या’ शोधल्या तर निम्म्या सापडत नाहीत, त्याला माणूस हवाय. करणार का?” आणि इश्यूची, म्हणजे त्या अडचणीच्या नोंदीची, लिंक.

टी-शर्टसाठी आलेल्या पोराला असं कोणी विचारतं?

निम्म्या दऱ्या कुठे जातात, हे कळायलाच मला चार दिवस लागले. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक म्हणजे ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरी जुनी रीत, साधा र, हलन्त आणि मागे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक अक्षर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं जुळवणाऱ्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही ते एक होत नाहीत.

मी काय केलं, तर सगळे जॉइनर सरसकट उडवले. कोड तपासणाऱ्या टेस्ट धडाधड लाल, म्हणजे नापास. कुटुंबाची इमोजी जॉइनरनेच जोडलेली असते हे मला कुठे माहीत! आई, बाप, लेक सगळी विभक्त झाली. मराठीचं तर विचारूच नका. जॉइनर गेल्यावर जुन्या रीतीच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. सह्याद्रीत शिरावं आणि समुद्रात पडावं, तसं.

तुम्ही ‘चूक’ हा शब्द कुठेच वापरला नाहीत. एक नवी टेस्ट तेवढी जोडलीत. आचार्यांना दक्षिणा द्यायची आहे आणि आचाऱ्यांना मजुरी. दोघांचं पाकीट एकाच्याच हाती जाऊन चालेल का? मी हसलो, आणि हसता हसता काय करायला हवं ते कळलं. आधी जुन्या रीतीचा र ०९३१ मध्ये बदलायचा. बाकीच्या जॉइनरना हातच लावायचा नाही.

तरी रिव्ह्यूच्या अकरा प्रतिक्रिया आल्या. त्यातली एक मी अजून सगळ्यांना ऐकवतो, “काय बदललं ते कोडमध्ये दिसतंय. कमिट मेसेजमध्ये का बदललं ते लिहा.” तीन आठवड्यांनी पीआर मर्ज झाला, मूळ कोडमध्ये गेला. चार ओळींचा बदल. आईला दाखवला, तिला वाटलं, नोकरी लागली.

पुढे २०२२ मध्ये मी कमिट अॅक्सेस, म्हणजे थेट कोड बदलायचा हक्क, मागितला आणि तुम्ही “अजून नाही” म्हणालात, तेव्हा मी फुगलो होतो, हे आज कबूल करतो. “दोघांच्या मंजुरीशिवाय मेनमध्ये काही जाणार नाही, माझंही नाही,” या तुमच्या हट्टाला मी खासगीत सरकारी कारभार म्हणायचो. मग मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रकल्पाचं प्रकरण बाहेर आलं. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे पॅच पाठवले, एकट्याने गाडा ओढून थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावला, आणि हक्क हाती आल्यावर आत चोरदार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना दूरच्या संगणकात शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, म्हणून ते सापडलं. त्या रात्री मी तुम्हाला नुसतं “सॉरी” एवढंच पाठवलं होतं. कशाबद्दल, ते तुम्ही विचारलं नाहीत.

आता पत्राचं खरं कारण. गेल्या रविवारी माझा २०२० चा फोर्क, म्हणजे तुमच्या रिपोची माझी प्रत, उडवायला बसलो होतो. त्यात एक ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, दिसली, तुमच्या नावाची, माझ्या ‘अमेझिंग’च्या दोन महिने आधीची. उघडली. त्याच चार ओळी! माझ्यापेक्षा नीट, टेस्टसकट. मूळ रिपोत ती आता नाही. तुम्ही ती कधीतरी गुपचूप पुसलीत. फोर्क घेताना माझ्याकडे प्रत आली आणि तशीच पडून राहिली, हे तुमच्या लक्षात आलं नसावं.

म्हणजे काम झालेलं होतं, ताई. ते बाजूला ठेवून तुम्ही माझ्यावर तीन आठवडे घालवलेत, आणि पाच वर्षांत चकार शब्द काढला नाहीत. फार फार आभार. एवढं सरळ लिहायला मला संकोच वाटतोय, आणि वाचताना तुम्हालाही वाटणार.

आणि एक विनंती. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) सुटे लिहिलेल्या मजकुरात ‘ऱ’ सापडत नाही, तो इश्यू काल एका नव्या मुलीने घेतलाय. तिचा पीआर लाल आहे, एका ओळीचा घोळ आहे, मला दिसतोय, तुम्हालाही दिसेल. मी तिच्यासाठी एक टेस्ट लिहून ठेवली आहे. तेव्हा कृपया तो तुम्ही दुरुस्त करू नका.

तुमचा,
‘अमेझिंग’वाला