डबीर आडनावाची ओळख

महोदय,

चिटणीस, फडणीस सहज भेटतात, डबीर क्वचितच. मतदार याद्यांत तर या आडनावाचे सर्रास 'कबीर' होते. दुरुस्तीसाठी हेलपाटे घालणाऱ्या एका शेजाऱ्याला खिडकीवरच्या कारकुनाने "असं आडनाव असतं का?" असे विचारले, तेव्हा फार वाईट वाटले.

डबीर हा मूळचा फारसी हुद्दा; अर्थ लेखनिक, पत्रव्यवहार सांभाळणारा. इराणात आजही माध्यमिक शिक्षकाला 'दबीर' म्हणतात. शिवाजी महाराजांच्या दरबारात परराज्यांशी संबंध ठेवण्याचे नाजूक काम डबिराकडे असे. सोनोपंत डबीर यांचे नाव इतिहासात ठळक आहे. १६७४च्या राज्याभिषेकात हुद्द्यांना संस्कृत नावे मिळाली, डबिराचा 'सुमंत' झाला आणि ते पद रामचंद्र त्रिंबक यांच्याकडे होते. पण आडनाव म्हणून डबीरही टिकले, सुमंतही!

अशी आडनावे म्हणजे स्वराज्याच्या कारभाराचे जिवंत दस्तऐवजच. शाळेत अष्टप्रधान मंडळ पाठ करून घेताना मुलांना या आडनावांचीही ओळख करून द्यावी आणि याद्या छापणाऱ्यांनी नावे नीट तपासावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा