अंधार खराच हवा

महोदय,

सोलापुरात खोल समुद्राचे प्रदर्शन-दालन करायचे तर निळ्या दिव्यांचा झगमगाट नको. १,००० मीटरखाली सूर्यप्रकाश पोहोचतच नाही. प्रवेशाला दुहेरी काळा पडदा आणि पुढे वळणाची वाट ठेवावी, म्हणजे चालता चालता डोळे अंधाराला सरावतात. पायाशी फक्त मंद लाल दिवे. प्रोजेक्टरचा काळा प्रत्यक्षात राखाडी दिसतो, म्हणून जीवांचा उजेड बारीक निळ्या एलईडींनी दाखवावा. अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग ही नेहमीची चूक. हे जीव स्वतःच प्रकाश निर्माण करतात. शिवाय आपला उन्हाळा! बंद खोलीत प्रोजेक्टर तापून बंद पडतात, जाळ्या धुळीने तुंबतात. हवा खेळती हवी. ‘मत्स्य-६०००’ या खोल समुद्रात माणसे नेण्यासाठीच्या भारतीय पाणबुडीतला, माणसे बसण्याचा २.१ मीटर व्यासाचा गोल मात्र जरूर करावा. तिघे आत बसले की दाटी कळते.

– एक वाचक, सोलापूर