मशीन बसवायच्या आधी इसीजीची पट्टी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत तीन वायरींच्या पेसमेकरवर, डॉक्टर ज्याला सीआरटी म्हणतात त्यावर लेख आला, चांगला होता, पण मशीन बसवलं की पेशंट जिने चढायला लागतो हे वाचून मला आमचे बाबा आठवले. सहा महिने झाले, दम तसाच, पायाला सूज तशीच, पंपिंग २८ टक्के होतं ते आता २९. आणि त्यांच्या मागोमाग शेजारच्या काकूंना बसवलं तर त्या स्वतः गिरणीत दळण घेऊन जातायत!

साधारण तिघांतल्या एकाला या मशीनचा म्हणावा तसा फायदा होत नाही, हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही. आणि अंदाज कशावरून येतो, तर साध्या इसीजीवरून. हृदयाची डावी बाजू मागे पडते, दोन्ही बाजू एकदम आवळत नाहीत, मशीन त्यांचा ताल जुळवतं. त्यामुळे ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या करंटच्या वाटेतला अडथळा, डावीकडचा असेल आणि क्यूआरएस, म्हणजे पट्टीवरच्या उंच टोकाची रुंदी, १५० मिलिसेकंद किंवा जास्त, म्हणजे पट्टीवरचे जवळजवळ चार बारीक चौकोन, तर आशा चांगली. पेशंट बाई असेल, आधी अटॅक आलेला नसेल तर अजूनच चांगली. काकूंचं अगदी तसंच होतं. बाबांना दोन अटॅक, स्नायूत मोठा व्रण, ब्लॉक उजवीकडचा, चौकोन साडेतीन. मेलेल्या स्नायूला करंट देऊन तो आवळणार कसा?

फायदा होणार की नाही ते इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून, कळतं असं आम्हाला सांगितलं होतं. पण २००८ च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात इकोची १२ मापं तपासली, एकही भरवशाचं निघालं नाही. २०१३ च्या इकोसीआरटी नावाच्या अभ्यासात तर १३० मिलिसेकंदांपेक्षा कमी क्यूआरएसवाल्यांना इकोवर विसंबून ही ट्रीटमेंट दिली, त्यांच्यात मृत्यू जास्त झाले आणि अभ्यास मधेच थांबवावा लागला.

आता हेही खरं की जो अजून खालावला असता तो आहे तिथे टिकला तर तोही फायदाच, बाबांचं कदाचित तसंच असेल. पण घरच्यांनी एफडी मोडायच्या आधी एवढं तरी कोणी समजावून सांगावं की नाही? पुरवणीत ही बाजूपण छापा.

बाबांची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, यावेळी पट्टीवरचे चौकोन मी स्वतः मोजणार आहे.

आपला एक वाचक