संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: जिंकलेल्या जवानाला पुन्हा कोर्टात ओढू नका

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

विषय: अपंगत्व पेन्शन व कुटुंब निवृत्तिवेतनाच्या निकालांवर सरकार करत असलेली अपिले

महोदय, जय हिंद.

मी लष्करात क्लार्क होतो. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागातील माजी सैनिकांचे आणि सैनिकांच्या विधवांचे पेन्शनचे कागद लिहून देतो. अर्ज, पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी सशस्त्र सेना न्यायाधिकरण (सैनिकांच्या नोकरी-पेन्शनचे खटले चालवणारे), हा सगळा रस्ता मला पाठ आहे. त्यावर कष्ट पडतात, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती निकाल हातात आल्यानंतर जे सुरू होते त्याबद्दल.

3 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्या सरकारचे एक अपील फेटाळले आणि वर 50 हजार रुपये खर्च भरायला लावला. नियंत्रण रेषेजवळ कडाक्याच्या थंडीत गस्तीवर असलेला एक जवान 2013 साली हृदयक्रिया बंद पडून गेला. त्याच्या पत्नीला न्यायाधिकरणाने उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मंजूर केले. सरकारला ते पटले नाही आणि प्रकरण थेट दिल्लीला नेले. या बाईला न्यायालयात खेचायलाच नको होते, असे न्यायाधीशांना लिहावे लागले. पैशात हा फरक किती ते सांगतो. साधे कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, विशेष असेल तर 60 टक्के आणि उदारीकृत म्हणजे पूर्ण पगाराइतके. नवरा सीमेवर गेलेल्या घरात या फरकावर पोरांचे शिक्षण ठरते. त्या घराने 11 वर्षे वाट पाहिली.

हे एखादेच प्रकरण असते तर मी पत्र लिहिले नसते. अपंगत्व पेन्शनच्या बाबतीत तर न्यायालयात कोणता मुद्दा अजून उघडा आहे, हेच मला समजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी फिट्स येणाऱ्या एका जवानाच्या खटल्यात नियम स्पष्ट केला आहे. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो आजार नोकरीत झाला तर त्याचा संबंध नोकरीशी आहे असे धरायचे. संबंध नाही असे म्हणायचे असेल तर मेडिकल बोर्डाने, म्हणजे तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, कारण लिहायचे. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला द्यायचा. फेब्रुवारी 2015 मध्ये त्याच न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. त्याआधी 10 डिसेंबर 2014 ला ब्रॉड बँडिंगचाही प्रश्न मिटला होता: 50 टक्क्यांहून कमी अपंगत्व 50 धरायचे, 50 ते 75 असेल तर 75 आणि त्यापुढे 100. आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेला असो की पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेला, दोघांनाही हा लाभ मिळायचा.

तरीही निवृत्तीच्या वेळच्या, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर आजही एकच ओळ दिसते: आजार 'पीस स्टेशन'वर (सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर) सुरू झाला, सबब नोकरीशी संबंध नाही. साहेब, सियाचिन किंवा राजौरीहून उतरून पुण्याला पोस्टिंगवर आलेल्या हवालदाराला रक्तदाब मोजायचे मशीन पुण्यातच लागते. पुण्यात आकडा दिसला म्हणून आजार पुण्यातच झाला का? दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये एका सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात नेमके हेच म्हटले की पीस स्टेशन एवढे कारण पुरेसे नाही, बोर्डाने कारणमीमांसा द्यायलाच हवी. पुढे जुलैमध्ये त्याच न्यायालयाने केंद्राच्या अशा सुमारे 300 याचिका एकत्र फेटाळल्या. या सगळ्या याचिका जिंकलेल्या माणसांविरुद्ध होत्या.

सरकारला वकील फुकट नसतो, पण त्याचे पैसे तिजोरीतून जातात. आमच्या माणदेशातला नाईक न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासाठी रात्रीची एसटी पकडतो, जावयाच्या ओळखीने वकील गाठतो आणि निकाल लागला की गावात पेढे वाटतो. मग काही महिन्यांनी समन्स येते. सर्वोच्च न्यायालयाचा वकील कुठून आणायचा, हे त्याला कोणी सांगत नाही. मी ज्यांचे कागद केले त्यांतल्या काहींनी त्या टप्प्यावर हात टेकले. एकाने तर मला फाईलच परत आणून दिली, म्हणाला, "भाऊ, आता नको." त्यांच्या बाजूने कायदा असतानाही हे होते, याचा मला मनापासून राग येतो. शिवाय उशीर झालेल्या अनेकांना मागची थकबाकी तीन वर्षांचीच मिळाली, म्हणजे ज्याला नियम उशिरा कळला त्याचे तर आधीच नुकसान झालेले असते.

खोटे दावे होत नाहीत असे मी म्हणणार नाही. अपंगत्व पेन्शन घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या प्रमाणाकडे कॅगनेही बोट दाखवले आहे आणि 2023 मध्ये आपण नियम बदललेत. गैरफायदा घेणारा पकडला पाहिजे, पण तो बोर्डात पकडावा. तिथे डॉक्टर आहेत, कागद आहेत, माणूस समोर बसलेला आहे. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात एका शिपायाच्या विधवेविरुद्ध उभे राहून कुठला खोटा दावा पकडला जाणार?

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 साली त्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासायला तज्ज्ञांची समिती नेमली होती. आपल्या गोव्याचा माणूस, म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याकडे आशेने पाहिले. समितीने त्याच वर्षी अहवाल दिला आणि अपंगत्वाच्या मिटलेल्या मुद्द्यांवरची अपिले थांबवा, असेही सांगितले. तो अहवाल आपल्याच मंत्रालयात आहे.

माझी विनंती मोठी नाही. न्यायाधिकरणाच्या कायद्यात, कलम 31 मध्ये, अपिलाची वाट सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असेल किंवा मुद्दा आपण विचारात घ्यावा असे सर्वोच्च न्यायालयाला वाटले तरच खुली ठेवली आहे. तो मुद्दा कोणता, हे अपील मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या सहीने एका परिच्छेदात लिहावे, असा आदेश काढा. उच्च न्यायालयातल्या याचिकांनाही तोच आदेश लागू करा, कारण 2023 पासून तो मार्ग पुन्हा उघडला आहे. ब्रॉड बँडिंगच्या आणि 'पीस स्टेशन'च्या ज्या याचिका अजून पडून आहेत त्या मागे घ्या. आणि मेडिकल बोर्डाने नकार दिला तर त्याची कारणे जवानाला डिस्चार्ज बुकबरोबरच द्या, म्हणजे पहिल्याच अपिलात त्याला उत्तर देता येईल.

ऑर्डर निघाली की एक प्रत आमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवा. गावोगाव ती पोचवण्याचे काम आम्ही करू.

आपला,
एक निवृत्त क्लार्क
सातारा जिल्हा