पांझरेकाठच्या, शेतांना पाणी देणाऱ्या पाटकरी भाऊंस

पाटकरी भाऊ, सप्रेम नमस्कार.

बंधाऱ्यापासून शेवटच्या सांडव्यापर्यंत सगळा कालवा तुम्ही पायी फिरून दाखवलात, त्याबद्दल आम्हा नकाशे करणाऱ्यांचे मनापासून आभार.

पांझरा, मोसम, आरम या धुळे-नाशिककडच्या नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घेण्याची रीत, 300-400 वर्षं जुनी मानली जाते. बघायला येणारे बंधाऱ्याच्या दगडचुन्याचे फोटो काढून परततात. तुम्ही मात्र थेट पिकावर बोट ठेवलंत. कालव्याखालच्या जमिनीचे साधारण चार भाग, म्हणजे चार फड, आणि एका फडात एकच पीक. नदीला पाणी किती ते पाहून यंदा कुठे ऊस, कुठे गहू आणि कोणता फड पडीक, हे पेरणीआधीच ठरतं. बहुतेकांच्या जमिनीची पट्टी प्रत्येक फडात असते, म्हणून पडीक फडाची झळ एकट्यादुकट्याला बसत नाही.

गव्हाच्या फडात एकाने ऊस घुसवला तर? गहू पिवळा पडला की त्याला पाणी नको, उसाला मात्र उन्हाळाभर पाळ्या हव्यात. त्या एका तुकड्यापायी अख्खी चारी, म्हणजे फडाला पाणी नेणारा छोटा पाट, वाहती ठेवायची, वाटेत पाणी मुरायचं, आणि शेजारचा कापणीला आलेला गहू ओलीने लोळायचा. जागल्याची राखणही लांबते ती वेगळीच.

शेतमालकाने स्वतः पाणी धरायचं नाही, बारे, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, पाटकऱ्यानेच द्यायचे, हा नियम बाहेरच्याला जाचक वाटेल. पण कालव्याच्या तोंडाशी शेत असलेल्याचा मोह त्या नियमानेच आवरतो.

सांडवा तर कागदावर नुसती एक रेघ असते. जास्तीचं पाणी तिथून नदीला परत मिळतं आणि खालच्या बंधाऱ्याच्या कामी येतं. तो गाळाने, झुडपांनी तुंबला की शेवटची शेतं आधी पाणी साचून चिबड होतात, मग वर पांढरं मीठ फुटतं. दोष मात्र बियाण्याला! पाणी सोडण्याआधी कालव्याबरोबर सांडवाही साफ करायचा, हे तुमचं म्हणणं आम्ही नकाशावरच लिहिलं आहे.

वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं त्याचं पाणी वेगळं झालं. त्यानंतर एका फडात एक पीक टिकवणं किती अवघड, हे तुम्ही लपवलं नाहीत. त्याचेही आभार.

नकाशाची प्रत सोबत आहे. तिसऱ्या फडाच्या चारीचं वळण तेवढं तपासा, चुकलं असेल तर पेनाने सरळ खोडून द्या.

तुमचे,
नकाशा करणारी मंडळी